माळकऱ्याच्या घरची सून

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्या मंडळींबद्दल आम्हाला बरंच काही सांगण्यात आलं होतं. औंढ्याला स्वतःचं घर आहे, भाताची खाचरं आहेत, दोन बैलजोड्या आहेत, मुलगा लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार आहे, सासू, सासरे आणि मुलगा एवढीच माणसं. घरात मटण-मच्छी शिजत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. लग्न माझ्या मामांनी जुळवलं होतं. पुढं आईनं त्यांना त्यावरून पुष्कळ सुनावलं, तर ते म्हणाले, "अगं, ती काय सांगायची गोष्ट होती? चांगलंच आहे की. पोरीला पाप लागायचं नाही."

मी तळेगावची. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. वडील स्टेशनवर टांगा चालवायचे. बाजाराच्या दिवशी ते दुपारीच घोडा सोडायचे, त्याला चोळून, पाणी पाजून बांधायचे आणि मग हातात पानांनी बांधलेला पुडा घेऊन घरात यायचे. आई तोवर निखाऱ्यावर कांदा नि खोबऱ्याची वाटी भाजायला ठेवायची. पाट्यावर मसाला वाटायचं काम माझ्याकडं होतं. वाटता वाटता डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आई म्हणायची, "बारीक वाट, बारीक. तोंडाला कण लागता कामा नये." आम्ही चौघं भावंडं चुलीभोवती बसून राहायचो. नळीचं हाड कुणाच्या ताटात पडणार यावरून भांडणं व्हायची आणि वडील गुपचूप ते मला द्यायचे, कारण मसाला मी वाटलेला असायचा. त्या दिवशी घरात सगळे खुशीत असायचे. वडील जेवून ओसरीवर आडवे व्हायचे आणि आईची चेष्टा करायचे. एरवी ते फार बोलत नसत. मटण म्हटलं की मला आजही आधी ते घर आठवतं, चव नंतर.

तर अशा घरातून मी उठले, तळेगावहून आगगाडीनं लोणावळ्याला आणि तिथून बैलगाडीनं औंढ्याला आले. वय पंधरा.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका माझी लुगडी बघायला आल्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोठ्या हौसेनं माझी ट्रंक उघडली. वरची दोन लुगडी काढली आणि त्या एकदम थांबल्या. ट्रंकेच्या तळाशी माझ्या आईनं जुन्या धडप्यात गुंडाळून वीसेक सुके बोंबील ठेवले होते. 'पावसाळ्यात भाजी मिळत नाही, तोंडाला चव येईल,' असं मला पाठवणीच्या वेळी कानात सांगितलं होतं. वास लपणारा नव्हता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याबाईंनी झाकण खाली केलं आणि निर्विकार चेहऱ्यानं म्हणाल्या, "ट्रंक नवी हाय ना, रंगाचा वास मारतोय अजून."

बायका गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"पोरी, आपल्यात हे चालत न्हाई. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

मी मान हलवली.

"तुझे मामंजी माळकरी हायेत. घरात तसलं काय यायचं न्हाई, चुलीवर चढायचं न्हाई. अंडंसुदिक न्हाई."

मी रडायला लागले. बोंबलासाठी नव्हे. इथं आपल्या घरातलं काहीच नसणार, हे मला त्या क्षणी कळलं म्हणून.

"टाकून देऊ का मग?" मी विचारलं.

आत्याबाईंनी त्या गाठोड्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "टाकू नको. अन्न हाय. गोठ्यात माळ्यावर ठिवते. कुणा गरजवंताला देऊ."

मामंजी म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना आबा म्हणायचं. उंच, वाळकुडे, डाव्या पायानं किंचित लंगडत चालायचे. पहिल्या लढाईत ते फौजेबरोबर बसऱ्याच्या बाजूला गेले होते, खेचरं हाकायला. तिथून परत आले आणि त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. त्याआधी, आत्याबाई सांगायच्या, गावात बकरं सोलायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. लढाईहून आल्यावर मात्र त्यांनी ते नावच टाकलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, देवानं बुद्धी दिली. आत्याबाईंना कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं सोडलं म्हणजे बाईनंही सोडलं, एवढा साधा हिशेब.

पंधरा-वीस दिवसांनी मामंजी बाजाराला लोणावळ्याला गेले. दुपारची वेळ होती. आत्याबाईंनी मला गोठ्यातून हाक मारली. मी गेले तर त्या शेणीच्या विस्तवापुढं बसलेल्या, आणि विस्तवावर दोन बोंबील.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "गरजवंत म्हणजे कोण, आपणच की."

आम्ही दोघींनी तांदळाच्या भाकरीबरोबर एकेक खाल्ला. आत्याबाईंनी डोळे मिटून खाल्ला. काटा-न्-काटा चघळला. मी विचारलं, "किती वर्षांनी?"

"तुझा नवरा व्हायच्या आधीपासनं."

मामंजी त्या दिवशी लवकर परतले. अंगणात थांबून त्यांनी नाक वर केलं. "गोठ्यात धूर कशाचा?"

"गोमाश्या लय झाल्यात. जनावरं पाय आपटत हुती. धुरी केली जरा," आत्याबाई म्हणाल्या.

"बरं," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्यानंतर मामंजी बाजाराला गेले की गोठ्यात धुरी व्हायची. ते बोंबील आम्ही चार महिने पुरवले, पुढं माहेरून येताना मी आणखी आणायची. सासू-सुनेचं पटत नाही असं जग म्हणतं. आमचं पटलं ते त्या गोठ्यात.

नवऱ्याची गोष्ट निराळीच. ते रोज पहाटे चालत लोणावळ्याला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. अंगाला तेलाचा, कोळशाचा वास असायचा. एकदा त्या वासातून दुसराच एक वास आला, कांद्याचा आणि गरम मसाल्याचा. मी म्हटलं, "आज काय खाल्लंत?"

"डबा. तूच तर दिला."

"डब्यात मेथी होती."

मग हसले. स्टेशनजवळ इराण्याचं हॉटेल होतं. शेडमधली माणसं पगाराच्या आठवड्यात तिथं खिमा-पाव खायला जायची, त्यात हेही. "आबांना सांगू नकोस," म्हणाले. "त्यांना राग येणार नाही, ते गप्प होतील. ते मला सोसत नाही."

मला मात्र राग आला. बाप सोडतो, आई कुढते, मुलगा बाहेर खातो, आणि सून गोठ्यात बसते. एवढ्याशा घरात चार माणसांच्या चार तऱ्हा. आम्ही सगळे जण एकाच माणसाला जपत होतो, आणि तो माणूस मोठ्यानं कधी बोलतही नव्हता.

पुढच्या चैत्रात गावदेवीची जत्रा आली. आमच्या गावात तेव्हा देवीला बकरं पडायचं. त्याचे वाटे गावात जायचे, आणि एक वाटा वरच्या वाडीवर जायचा. ही वाडी डोंगराच्या पोटात, दहा-बारा झोपड्यांची. तिथली माणसं लावणी-कापणीला आमच्या खाचरांत राबायला यायची. तुकड्या-तुकड्यांनी नाचणी-वरी पिकवायची आणि उरलेलं वर्ष रानावर काढायची. त्यांच्यातली एक म्हातारी आमच्याकडं बरीच वर्षं येत होती. तिला सगळे मावशी म्हणत. काळीसावळी, काटक, बोलायला फटकळ.

त्या वर्षी मामंजी देवळापुढं गावाला म्हणाले, "जिवाच्या बदल्यात जीव कशाला? देवीला कोहळा कापू. रक्त बघून ती खुश हुती, असं तिनं कुणाला सांगितलंय?" त्यांना भाषण येत नसे. तीन-चार वाक्यं बोलले आणि थांबले. पण गावात त्यांचा शब्द होता. थोडी कुरकुर झाली, दोघा-तिघांनी नवसाचं काय असं विचारलं, आणि शेवटी कोहळा ठरला. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. बायकांच्या घोळक्यात लोक 'आबांची सून' म्हणून माझ्याकडं बघत होते.

तेवढ्यात मागून मावशी बोलली. "आबा, एक इचारू?"

"इचार की."

"तुमी वर्सभर भात खाता, दूध खाता, तूप खाता. आमच्या पोरांच्या तोंडाला वर्सातनं एक डाव बकऱ्याचं लागायचं, ते देवीच्या नावानं. ते तुमी बंद केलं. मग आमची पोरं कोहळा खात्यात व्हय?"

कुणीतरी तिला गप्प बस म्हणालं. मामंजी देवीला हात जोडून घरी निघाले. संध्याकाळी त्यांनी वाडीवर पायलीभर तांदूळ आणि गूळ पाठवला. मावशीनं तो ठेवून घेतला, पण निरोप काही पाठवला नाही.

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले, आणि पाठोपाठ पावसाळा लागला.

मावळातला पाऊस ज्यानं सोसलाय त्यालाच कळेल. लोहगड नि विसापूर आठ-आठ दिवस दिसायचे नाहीत. भिंतींना ओल यायची, सरपण पेटायचं नाही, आणि भाजी म्हणून रानातला टाकळा नि कुरडू. मला अन्नाचा वासच सहन होईना. भाताचं पातेलं उघडलं की पोट ढवळायचं. दूध पोटात ठरेना. आत्याबाईंनी आंबील केली, लिंबू दिलं, चिंच दिली. सगळं उलटून पडायचं. चार दिवस मी नुसत्या पाण्यावर होते. आणि त्या अवस्थेत मला एकच गोष्ट डोळ्यांपुढं दिसायची, खेकड्याचं कालवण. लाल, पातळ, झणझणीत. माझी आई पावसाळ्यात करायची तसलं.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"दुसरं काय बी माग गं. खेकडं जितं आणावं लागत्यात, ठेचावं लागत्यात. गोठ्यात व्हायचं न्हाई हे. आणि डोहाळं पुरवलं न्हाईत तर माझ्या जिवाला घोर."

लावणी ऐन भरात होती. घरी एकटी पडून राहण्यापेक्षा मी आत्याबाईंबरोबर खाचरावर गेले आणि बांधावरच्या खोपीत बसून राहिले. खोप म्हणजे चार मेढी, वर गवत आणि मधे अंग शेकायला, चहा उकळायला पेटवलेला एक विस्तव. समोर इरली पांघरून बायका वाकून रोपं लावत होत्या. पावसाच्या आवाजातून त्यांची गाणी अधूनमधून ऐकू यायची. मावशी पाणी प्यायला खोपीत आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "कितवा म्हयना?"

"तिसरा सरतोय."

"तोंड असं का उतरलंय? काय खावंसं वाटतंय?"

मी सांगितलं. कुजबुजत सांगितलं. मावशी तशीच उठली आणि बांधावरून निघून गेली. पाऊण तासानं परत आली, तर तिच्या ओच्यात सात-आठ खेकडे. बिळात हात घालून तिनं काढले होते. एका बोटातून रक्त येत होतं. ते तिनं चिखलात बुडवलं आणि कामाला लागली. नांग्या मोडल्या, बारके पाय दगडावर ठेचून मडक्यात त्यांचा रस पिळला, तिच्याकडच्या फडक्यातली मिरची, मीठ, चार लसणाच्या कुड्या घातल्या. दुसरं काही नव्हतं. आत्याबाईंना वास आला असणार, पण त्या खाचरातून वर आल्या नाहीत. पाठ करून लावणी करत राहिल्या.

मडक्याला उकळी फुटली आणि मावशीनं पानाच्या द्रोणात ते माझ्यापुढं ठेवलं. मी तोंडाला लावणार, एवढ्यात खोपीच्या तोंडाशी अंधार झाला. मामंजी उभे. पलीकडच्या खाचरात चिखलणी चालली होती, तिथं बैल बसला म्हणून ते नांगर सोडून आले होते. डोक्यावरच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होतं.

माझा हात तसाच राहिला.

मावशी उठून उभी राहिली. "आबा, पोर चार दिस उपाशी हाय. मीच आणलं, मीच रांधलं. बोलायचं तर मला बोला."

मामंजींनी मडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. घोंगडी काढून मेढीला टांगली आणि माझ्याकडं पाठ करून, पावसाकडं तोंड करून खोपीच्या कडेला बसले.

"खा," म्हणाले.

मी खाईना.

"खा, पोरी. निवतंय ते."

मी एक घोट घेतला. तो पोटात ठरला. मग दुसरा. मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. आणि मामंजी पावसाकडं बघत बोलायला लागले. आधी मला कळलंच नाही की ते माझ्याशी बोलताहेत.

"लढाईत माझ्याकडं एक खेचरी हुती. दीड वर्स तिला मीच दाणा दिला, मीच पाणी दिलं. कानामागं खाजवलं की मान खाली घालायची. माझी हाक वळखायची. मग आमी अडकलो एका जागी. चहूकडनं तोफा. म्हयनाभर रसद आली न्हाई. आधी चणं संपलं, मग पीठ. मग साहेबाचा हुकूम आला, खेचरं मारा आणि खा."

त्यांनी मेढीवरच्या घोंगडीचं टोक पिळलं. पाऊस तसाच चालू होता.

"लय लोकांनी न्हाई म्हटलं. धरम जातो म्हणाले. मी बी तीन दिस न्हाई म्हटलं. चवथ्या दिशी खाल्लं. कुणाचं खाल्लं ते मला ठावं हुतं. माझ्या शेजारी दोघं हुते, आपल्याच बाजूचे. त्यांनी शेवटपतूर तोंड लावलं न्हाई. ते तितंच गेले. मी आलो."

मावशी म्हणाली, "भुकंला काय पाप, आबा."

"पाप हाय का न्हाई ते मला अजून कळलं न्हाई. मी खाल्लं नसतं तर हिचा नवरा जन्माला आला नसता. हे पोटातलं बी नसतं. ते समदं मला ठावं हाय. पण घरी आलो आणि हिनं, तुझ्या सासूनं, लय दिसांनी नवरा आला म्हणून कोंबडं रांधलं. ताट पुढं आलं आणि मला त्या खेचरीचं कान दिसलं. तवापासनं घरात कुणाच्या बी ताटात ते बघवंना. म्हणून माळ घातली. माळ घातली की कुणी इचारत न्हाई. मग लोक म्हणाया लागले, आबा लय दयाळू. मी बी तसंच समजून चाललो. गावाला सांगाया लागलो. खरं म्हंजे मला बघवत न्हवतं, एवढंच."

मी रडत होते आणि खात होते. दोन्ही एकदम. रसात मीठ जास्त झालं होतं की माझं रडू त्यात पडत होतं, कोण जाणे.

"तुझ्या सासूला ह्यातलं काय ठावं न्हाई," ते म्हणाले. "तिला सांगू नको. खेचर खाल्लेल्या माणसाबरोबर संसार केला असं तिला वाटायला नको. आणि त्या गोठ्यातली धुरी मला बी कळती. चालू द्या तुमचं."

मग ते उठले, घोंगडी घेतली आणि बैलाकडं गेले. मी द्रोण चाटून पुसून खाल्ला. त्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न ठरायला लागलं. मुलगी झाली, चांगली बाळसेदार.

त्यानंतर मामंजी गावात कुणाला मांस सोड म्हणाले नाहीत. पुढच्या जत्रेला लोकांनी विचारलं, "आबा, औंदा बी कोहळाच?" तेव्हा ते म्हणाले, "देवळात कोहळा. घरी कुणी काय रांधावं ते मी सांगणार न्हाई." काहींना ते बोलणं डळमळीत वाटलं. एका तरण्या माळकऱ्यानं तोंडावर म्हटलं, "आबा, तुमचा निश्चय ढिला पडला." मामंजी म्हणाले, "व्हय, पडला." देवळात कोहळा कापला गेला, आणि ज्यांना नवस फेडायचा होता त्यांनी आपापल्या परसात बकरं केलं. मावशीच्या वाडीला त्यातला वाटा गेला, आणि आमच्याकडचे तांदूळही गेले. ती मला म्हणाली, "तुझा सासरा शाणा झाला. लय उशिरा झाला, पण झाला."

घरात त्यांनी एवढंच केलं की महिन्यातून एखादा दिवस जेवायला बाहेरच्या ओसरीवर बसायला लागले. "आज मी हितं बसतो, वारा बरा हाय," असं म्हणायचे. तो दिवस आमचा. परसातल्या चुलीवर, वेगळ्या मडक्यात मी काय करायचं ते करायची. ह्यांनीही इराण्याकडचं चोरून खाणं थांबवलं. तिथं ते उघड जायला लागले, आणि कधीकधी माझ्यासाठी फडक्यात पाव बांधून आणायचे. पहिला घास घेताना मी ओसरीकडं बघायची. मामंजींची पाठ दिसायची. ते भाकरीचे तुकडे आमटीत कुस्करत असायचे. महिन्यातल्या त्या एका दिवशी मला मटण कधी तळेगावसारखं लागलं नाही. चांगलं लागायचं, पण गप्प लागायचं.

आत्याबाईंना या बदलाचं कारण कळलं नव्हतं. त्या मला विचारायच्या, "त्या दिशी खोपीत काय बोललं गं ते?" मी म्हणायची, "काही नाही, खा म्हणाले." त्यांचा विश्वास बसायचा नाही. पण महिन्यातल्या त्या दिवशी त्या स्वतः मात्र खायच्या नाहीत. गोठ्यातली गंमत वेगळी होती, नवऱ्यानं उघड परवानगी दिल्यावर त्यांना खाववेना. "त्यांनी सोडलं हाय, मी कशी खाऊ?" म्हणायच्या.

लढाई संपली त्या हिवाळ्यात, भात झोडून घरात आलं आणि मामंजी गेले. आठ दिवस ताप होता. शेवटी-शेवटी त्यांना भ्रम झाला, आणि ते कुणाला तरी हाक मारायचे, जीभ टाळूला लावून, जनावराला बोलावतात तशी. आत्याबाईंना वाटलं बैलाला बोलावताहेत. त्यांनी बैल सोडून अंगणात आणून उभा केला. ती हाक बैलाला नव्हती, हे फक्त मला माहीत होतं.

वर्ष उलटलं. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर एका रविवारी हे म्हणाले, "आई, आज मटण आणू का? तू खाशील?" आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "आण."

मी आईनं शिकवला तसा मसाला वाटला. निखाऱ्यावर खोबरं भाजलं, कांदा भाजला. यावेळी परसातल्या चुलीवर नाही, घरातल्या चुलीवर. आत्याबाईंनीच सांगितलं तसं. जेवायला बसलो. माझी मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती, ती आजीच्या मांडीला टेकून बसली. आत्याबाईंनी रश्शात भाकरी बुडवली, एक फोड तोंडात घातली, हळूहळू चावली. दात बरेच पडले होते.

"चव तशीच हाय," त्या म्हणाल्या. मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडत, "त्यांनी का सोडलं ते मला कवा कळलं न्हाई बघ. सत्तावीस-अठ्ठावीस वर्सं. देवासाठी सोडलं म्हणावं तर देवळात बी फार जायचे न्हाईत."

मामंजींनी सांगू नको म्हटलं होतं. मी सात-आठ वर्षं तो शब्द पाळला होता. पण त्या दिवशी समोर बसलेल्या बाईकडं बघून मला वाटलं, हे माझ्याकडं राहण्यात काही अर्थ नाही. मी सांगितलं. खेचरी, तिचा दाणा, तोफा, चौथा दिवस, सगळं. यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या हातातला घास ताटात पडला.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला.

"आणि हे मला सांगितलं न्हाई? मी काय परकी हुते? मी त्यांना कोंबडं वाढलं त्या दिशी. मला वाटलं मीठ जास्त झालं म्हणून ताट सारलं. इतकी वर्सं मला वाटतंय, माझ्या हाताला चव न्हाई राहिली म्हणून त्यांनी माळ घातली!"

मुलगी आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"सांगितलं असतं तर मी हसत सोडलं असतं," आत्याबाई म्हणाल्या. "मनापासनं सोडलं असतं. हे मी निसतं पाळलं. पाळण्यात काय हाय?"

मग त्यांनी ताट पुढं ओढलं आणि पुरं जेवल्या. काही टाकलं नाही. हात धुऊन आल्यावर मला म्हणाल्या, "मसाला बरा वाटलास. खोबरं जरा कमी भाजत जा."

पुढं त्या आणखी नऊ वर्षं जगल्या. कधी खायच्या, कधी नको म्हणायच्या, आणि त्याचं कारण कधी देवाचं नसायचं. "आज मन न्हाई," एवढंच सांगायच्या. माझं म्हणाल तर मी अजून खाते, पूर्वीपेक्षा बरंच कमी. मांस सोडावं की नाही, असं मला आता कुणी विचारलं तर मी आधी त्यालाच विचारते, तुला का सोडायचंय. बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही. ज्यांना येतं त्यांना मी वाढताना आग्रह करत नाही, त्यांच्या पानात निमूट दही वाढते.